सूर्यभान पैलवानाची झोप

(कर्जतजवळच्या एका खेड्यातली तालीम, साल १९४६. जत्रा चार दिवसांवर आलीय. उन्हं वर आली तरी सूर्यभान पैलवानानं अजून लंगोट कसलेला नाही. समोर त्याचे वस्ताद, कारभारी.)

कारभारी : म्हस कुठं हाय, ते इचारतोय मी.

सूर्यभान : हारलो, वस्ताद. पत्त्यात.

कारभारी : गावानं तुज्या खुराकाला दिल्याली म्हस?

सूर्यभान : व्हय. हाना मला.

कारभारी : हानून काय हुतंय? कधीपासनं खेळतोस?

सूर्यभान : मागल्या जत्रंपासनं. कुस्ती मारली, गावानं खांद्यावर नाचवलं. आन् माज्या मनात एकच, पुढल्या साली हारलो तर? तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई. हलगी ऐकली की पत्त्याच्या अड्ड्याकडं पळतो. पत्तं हातात असलं की तेवढं डोकं गप बसतं. तिथं हारलो तर कुनी रडत न्हाई.

कारभारी : तुजी बायकू रडली की, बायडाबाई. सकाळी माज्या दारात आल्ती.

सूर्यभान : म्हशीपायी?

कारभारी : म्हशीचं नाव बी न्हाई काढलं तिनं. म्हनली, मालक हिरीच्या काठावर जाऊन बसत्यात, मला भ्या वाटतंय.

सूर्यभान : तिला कळलं व्हय?

कारभारी : खरं हाय का?

सूर्यभान : वाटायचं, उतरावं आन् वर येऊच नये.

कारभारी : हिकडं सरक. आनखी. एवढा डोंगरावानी गडी, आन् येकल्यानं वझं वागवतोस व्हय रं? ऐक. जत्रंतली कुस्ती तू करायची न्हाईस. पंचांना सांगून आलोय.

सूर्यभान : गाव काय म्हनंल?

कारभारी : म्हनलं की. पाटील म्हनले, तुमचा पठ्ठ्या भ्याला. मी म्हनलं, व्हय, भ्याला. पठ्ठ्या जित्ता ऱ्हायला तर कुस्त्या लई.

सूर्यभान : आन् पत्तं? हात वळवळत्यात, वस्ताद. उद्या परत जाईन मी.

कारभारी : जाशील बी. पन आधी माज्याकडं यायचं. मग दोघं जाऊ.

सूर्यभान : तुमी? तुमाला तर राजा-रानी वळखू येत न्हाई.

कारभारी : मग शिकवत बस मला. सांज हुईल तेवढ्यात. हसलास! लई दिसांनी बघितलं रं.

बायडाबाई : (दाराबाहेरून) वस्ताद, भाकरी आनलीया. हितंच ठिवते. बाईमानसानं तालमीत येऊ नये.

सूर्यभान : तू जेवलीस?

बायडाबाई : मी जेवंन मागनं.

सूर्यभान : थांब तिथंच. मीच येतो भाईर.