शेवटच्या कडव्याआधी

सौमू : ...आणि हे शेवटचं पान, बिबी. यावर एकदा हो म्हण, म्हणजे मी सुटले. भरती आहे तोवर होडी लामूला निघायला हवी.

बतुली : आधी कॉफी घे. आलं जास्त पडलं असेल. डोळ्यांना दिसत नाही, सगळा बोटांचा अंदाज.

सौमू : नको गं. तीन वर्षं हे पुस्तक जुळवतेय. आता डोळे मिटले तरी अक्षरंच दिसतात.

बतुली : दमलीस. भावाची नात म्हणून आली असतीस तर मांडीवर डोकं घेतलं असतं तुझं. मास्तरीणबाई म्हणून आलीयेस, तर वाच.

सौमू : 'पाण्याच्या वर्षाचं गाणं. कडवी एकशे दोन. रचनाकार, सियूचे विद्वान अथमानी.' मग माझी प्रस्तावना. 'विहिरी खारट झाल्या त्या वर्षी सियूच्या बायकांनी होड्यांतून पलीकडच्या किनाऱ्यावरून पाणी आणले. कवीने स्त्रियांचे हे कष्ट किती सहृदयतेने टिपले आहेत...' हसतेस कशाला?

बतुली : सहृदयतेने म्हणे. माझ्या आजोबांना कॉफीचा पेलासुद्धा कुणीतरी हातात द्यावा लागे.

सौमू : हंडा उचलला नसेल, पण बघितला तर असेल.

बतुली : चाळिसावं कडवं म्हण.

सौमू : चुंबळ भिजली की पाणी मानेवरून उतरतं, मग पाठीच्या कण्यातून, आणि कमरेशी गाठ सोडून आत शिरतं. तेच ना?

बतुली : ते किनाऱ्यावर उभं राहून दिसतं?

सौमू : बिबी, तू मला काय सांगतेयस?

बतुली : बाहेर माझ्याकडे शिकणाऱ्या मुली ओसरीवर बसल्यात. आज त्यांना गाणं पाठ म्हणायला लावलंय. त्या कुठे थांबतील?

सौमू : एकशे एकाव्या कडव्यावर. सियूच्या सगळ्या बायका तिथेच थांबतात. लग्नातसुद्धा तिथवर गातात, ताल धरायच्या म्हशीच्या शिंगावर काठीचा एक टोला मारतात आणि गप्प होतात. शेवटच्या कडव्यात अथमानींचं नाव आहे, म्हणून आदरानं. मी तळटीप दिलीय तशी.

बतुली : तळटीप चांगली असेल. चूक आहे.

सौमू : पुस्तक शुक्रवारी यायचंय. मुखपृष्ठ छापून झालंय. आज मला असं काही सांगू नकोस.

बतुली : आज नाही सांगितलं तर कधी सांगू? मी एक्याऐंशीची आहे. बस खाली. गाणं माझ्या आजीचं आहे. झेना बिंती शेकुवे. तुझी खापरपणजी.

सौमू : ती मुलींना अक्षरं शिकवायची, एवढंच मला माहीत होतं.

बतुली : शिकवता शिकवताच गाणं रचलं तिनं. रोज आम्हा मुलींच्या लाकडी पाटीवर एक कडवं घालून द्यायची. आम्ही गिरवायचो, म्हणायचो, संध्याकाळी पाटी धुवायचो. दुसऱ्या दिवशी नवं. तिच्या हातचा एकही कागद नाही, कारण सगळं धुतलं गेलं. राहिलं ते आमच्या तोंडात.

सौमू : मग मी जिच्यावरून हे पुस्तक उतरवलं, ती घरातली जुनी वही?

बतुली : तिची नजर गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. माझं अक्षर बरं होतं. ती सांगायची, मी लिहायचे. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं असतं. तिनं सांगितलं, मी लिहिलं.

सौमू : पण वहीत अथमानी आहेत. मी स्वतः वाचलंय.

बतुली : वहीचं शेवटचं पान कसल्या दोऱ्यानं शिवलंय?

सौमू : निळ्या. बाकीची पांढऱ्या. मला वाटलं, कुणी डागडुजी केली असेल.

बतुली : मी केली. मौलिदीला, पैगंबरांच्या जन्मदिवशी, मशिदीच्या अंगणात हे गाणं म्हणावं, असं माझ्या वडिलांच्या मनात आलं. त्यांना गाणं खरंच आवडायचं, हे विसरू नकोस. पण घरातल्या बाईचं नाव शंभर पुरुषांच्या तोंडी जाणार, ते त्यांना सोसेना. मला म्हणाले, बतुली, तुला जमतं, शेवटचं कडवं बदल. बापाचं नाव घाल माझ्या.

सौमू : आणि तू घातलंस.

बतुली : तेरा वर्षांची होते. कुणी मला म्हणालं नव्हतं कधी, की तुला जमतं.

सौमू : म्हणजे 'अथमानी हा लिहितो, दोष माझे, तो जाणतो...'

बतुली : 'क्षमा त्याचीच मागतो, हे त्यानेच सुचवले.' माझं आहे ते. आयुष्यात मी रचलेलं एकच कडवं, आणि तेही खोटं.

सौमू : मी ते वर्गात शिकवते. नम्रतेचा नमुना म्हणून.

बतुली : शिकव की. नम्र तर आहेच.

सौमू : चेष्टा पुरे, बिबी. जुन्या पानाचं काय केलंस?

बतुली : लिहिलेलं फेकतात का कधी? वाडग्यात धुतलं, आणि पाणी कुणाचा पाय पडणार नाही असं त्या डाळिंबाच्या मुळाशी ओतलं. झाड अजून आहे. फळ धरत नाही म्हणून तुझे आजोबा कुरकुरायचे, मी गप्प.

सौमू : तिला कळलं?

बतुली : मौलिदीला ती खिडकीशी बसून ऐकत होती. पुरुष म्हणत गेले. एकशे एक संपलं. मग माझं आलं. मी तिच्या शेजारीच, श्वास धरून. ती म्हणाली, यमक नीट बसलंय.

सौमू : एवढंच?

बतुली : एवढंच. दुसऱ्या दिवसापासून पोरींना शिकवताना ती एकशे एकावर थांबायला लागली. आम्ही पुढचं विचारलं तर शिंगावर काठीचा टोला. तोच टोला मग लग्नात गेला. आणि मी शिकवायला लागले तेव्हा मीही तिथेच थांबले. त्या मौलिदीला आता अडुसष्ट वर्षं झाली.

सौमू : आधी का नाही बोललीस?

बतुली : वडील होते. मग भाऊ होता, तुझा आजोबा. त्याला आजोबांच्या नावाचा फार अभिमान. मग सवय झाली. खोट्याचा भार वाटत नाही गं एकदा सवय झाली की, नुसता थकवा येतो. तू आज 'सहृदयतेने' वाचलंस आणि मला वाटलं, आता पुरे.

सौमू : पुस्तक छापणारी लामूची मंडळी कागद मागतील. अथमानी विद्वान होते, म्हणून तर पुस्तक मंजूर झालं. म्हणतील, एका म्हातारीच्या सांगण्यावरून नाव कसं बदलायचं.

बतुली : दुसरा दोरा दाखव. चाळिसावं कडवं दाखव. मला ने. होडीत चढायला दोन माणसं लागतील, पण येईन. म्हणेन, चोर मी आहे.

सौमू : तरी नाही ऐकलं तर? पुस्तकच येणार नाही. माझी तीन वर्षं जातील.

बतुली : जातील. मी तुला खोटा धीर देणार नाही. अजूनही हो म्हणू शकते मी. तू सांग.

सौमू : मला विचारू नकोस ना.

बतुली : विचारायलाच हवं. मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

सौमू : ...खरं कडवं आठवतं तुला?

बतुली : भीती तीच होती. माझंच तोंडात बसेल आणि तिचं जाईल. म्हणून रोज पहाटे, कुणी उठायच्या आधी, एकदा मनात म्हणते.

सौमू : आता मोठ्यानं म्हण.

बतुली : 'नाव माझे आहे झेना, पाणी वाहून झोपेना, शब्द ओठांत राहेना, म्हणून हे सांगितले.'

सौमू : ...परत एकदा. सावकाश. मी लिहून घेते.

बतुली : कागद वाजला. छापायच्या पानावर लिहितेयस? खराब होईल.

सौमू : होऊ दे. अथमानी खोडले मी.

बतुली : रेघ सरळ मारलीस ना? माणूस वाईट नव्हता.

सौमू : सरळ मारली. छापतील का, माहीत नाही, बिबी. खरंच माहीत नाही.

बतुली : मलाही नाही. होडी गेली वाटतं.

सौमू : जाऊ दे. पुढच्या भरतीला दोघी जाऊ. आलं खरंच जास्त झालंय.

बतुली : मग साखर घाल. आणि जरा गप्प बस, मुली शेवटाला आल्यात.

(ओसरीवर मुली एकशे एकावं कडवं संपवतात. शिंगावर एक टोला पडतो. मुली उठायला लागतात.)

बतुली : मुलींनो, उठू नका. पाट्या धुवून आणा. अजून एक कडवं आहे.