छत्तीस जिल्हे पाठ असलेला मानूस

...नाही, तुमी रिसोडच्याच गाडीची वाट पाहून राह्यले ना, मंग बसा, पंधरा मिनिटं सांगतले म्हंजे आपुन पाऊन तास धराचा, तवरोक मले एक सांगा, ज्या मानसाले महाराष्ट्राचे छत्तीसच्या छत्तीस जिल्हे पाठ आहेत, सुलटे बी अन् उलटे बी, राज्यप्रानी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल ताम्हन, कळसूबाई सोळाशे सेहेचाळीस मीटर, पह्यली आगगाडी अठराशे त्रेपन्न साली बोरीबंदर ते ठाने, हे सारं ज्याले झोपीत माईत आहे, तो मानूस हरावा? अन् कशात हरावा, तर आपल्याच गावच्या प्रश्नात? इचारा, काही बी इचारा, पुरा महाराष्ट्र इचारा मले. कुठं अटकनार नाही. एकाच ठिकानी अटकलो, अन् ते बी... थांबा, पह्यलेपासून सांगतो.

मी देवमन. पेंटर देवमन म्हना, वाशीमात कोनी बी वळखते. शाळा, ग्रामपंचायत, किरान्याचं दुकान, जेवढ्या जुन्या पाट्या दिसतीन त्यातल्या अर्ध्या माह्या हातच्या. मंग फ्लेक्स आला अन् आपला ब्रश डब्यात वाळला. पोरगा उत्कर्ष पुन्यात, सून वैभवी पुन्यात, नात धम्मदीपा पुन्यात, अन् मी इथं. आता एकट्या मानसानं दिवसभर करावं काय? तर मी रोज सकाळी घरच्या ग्रुपवर एक माईती टाकतो. वर लिवतो, ‘तुम्हाला माहीत आहे का?’ अन् खाली महाराष्ट्राबद्दल एक गोष्ट. चार वर्ष झाले, एक दिवस खाडा नाही. निळ्या टिका येतात दोन-दोन, उत्तर कोनी देत नाही. एकडाव उत्कर्षनं अंगठा धाडला होता, तर मी तो दोन दिवस उघडून-उघडून पाह्यला.

अन् धम्मी, माही नात, पाचवीतली, तिले दरसाल म्हनतो, ये वो माय उन्हाळ्यात वाशीमले. ते काय म्हनते? “पण आजोबा, तिथं काय आहे?” बोला. वाशीमात काय आहे म्हने. मले इचारते, मले. दोन वर्षाची होती तवा एकडाव आलती, त्याच्यानंतर नाही.

तर यंदा एप्रिलात तिचा फोन. तिचाच बरं का, बापानं जबरदस्तीनं कानाले लावलेला नाही. “आजोबा, आमच्या सोसायटीत एक मेला स्पर्धा आहे. आजोबा आणि नातवंड अशी जोडी. सगळे प्रश्न महाराष्ट्रावर. बाहेरगावचे आजोबा व्हिडिओवर चालतात. तुम्ही होता का माझे पार्टनर?” आता पाहा, तिच्या मायचा बाप तिथंच, दोन गल्ल्या सोडून, रिटायर प्रोफेसर, घरी पुस्तकायचं कपाट. अन् पोरीनं निवडलं कोनाले? आठवी नापास पेंटरले. मी म्हटलं, होतो. ते म्हने, “आणि आपण जिंकलो ना, तर मी पंधरा दिवस वाशीमला येते. प्रॉमिस. हरलो तर मग त्या आजोबांबरोबर महाबळेश्वर.”

झालं, मी कामाले लागलो. कूलरमध्ये नवा वाळा भरला. मधली खोली रंगवली, गुलाबी, तिच्या पसंतीचा रंग फोनवर इचारून. अन् रोज संध्याकाळी सातले अभ्यास. ती इचारे, मी सांगो. मी इचारो, ती सांगे. मी म्हनो, पोरी, तुह्यं पुनं राहू दे बाजूले, पंधराशे वर्षाखाली हे आपलं वाशीम वाकाटक राजायची राजधानी होती, वत्सगुल्म नाव होतं तवा. कारंज्याकडं जा, अभयारन्यात काळवीट पाह. लोनारचं सरोवर पाह, आकाशातून दगड पडला अन् एवढा खड्डा झाला. ती म्हने, “आजोबा, लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे. ही चीटिंग आहे.” मी म्हटलं, असू दे बुलढान्यात, आपल्या इथून जवळ आहे, आपलंच धर. असी हासली, असी हासली, की माह्या त्या रिकाम्या घरात फोनमधून हासू भरलं. वीस दिवस, रोज सातले. इचारा, काही बी इचारा, असं मी जन्मभर लोकायले म्हनत आलो, पन खरंच इचारनारं मानूस मले ते वीस दिवसच भेटलं.

एक मे उजाडला. इस्त्रीचा सदरा, दाढी. शेजारच्या अनिसाभाभीनं आपल्या घरचं नेट देल्लं, फोन बरनीले टेकवून उभा केला, अन् मागून तिचं सुरू, “भाईसाब, जरा पीछे सरको, खाली नाक दिखरी.” सरकलो मागं. तिकडं म्हने मोठ्या पडद्यावर माह्यं तोंड. बारा जोड्या होत्या. शेकरू आला, हानला. ताम्हन आलं, हानलं. एकेक गळत गेले, प्रोफेसर बी दुसऱ्या नातवासंगं होते ते बी गळाले, मी मनातल्या मनात त्यायले चहा पाजला. राह्यलो दोन जोड्या. सारखे गुन.

मंग ते सूत्रसंचालन करनारी बाई म्हनते, “आता शेवटचा प्रश्न, जो आधी बोलेल तो जिंकेल. वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म आज महाराष्ट्राच्या कोणत्या जिल्ह्यात आहे?”

आता सांगा. म्हंजे पानपट्टीवाल्याले त्याच्याच दुकानाचा पत्ता इचारावा तसं झालं. धम्मी तर तिथं उड्याच मारून राह्यली, मले दिसून राह्यलं, दोनी हात वर. अन् मी सगळ्यायच्या आधी, खनखनीत आवाजात बोललो...

अकोला.

हो, अकोला म्हटलं मी. अन् त्या दुसऱ्या आजोबानं, ज्यानं सात जन्मात वाशीम पाह्यलं नसन, त्यानं घाबरत-घाबरत म्हटलं, “वाशीम?” टाळ्या. अनिसाभाभी मागून म्हने, “भाईसाब, ये क्या बोल दिया तुमने?” धम्मीनं हात खाली घेतले.

तुमी म्हनसान, म्हातारा भुलला. नाही हो. अठ्ठ्यान्नवच्या एक जुलैले वाशीम जिल्हा झाला, तारीख बी पाठ आहे मले. त्या साली सहा महिने मी दुसरं कामच नाही केलं. गावोगाव शाळेच्या पाट्यावर चढाचं, ‘जि. अकोला’ खोडाचं, ‘जि. वाशीम’ लिवाचं. माह्याएवढं अकोला या जिल्ह्यात कोनीच खोडलं नसन. एकच पाटी राह्यली. माह्या दारावरची. ‘देवमन व बेबी, वाशीम, जि. अकोला.’ बेबी माही बायको. ती पाटी तिनं बाजूले उभी राहून लिवून घेतली होती, माहं नाव मोठं होऊन राह्यलं म्हनून भांडली होती. अन् मार्चात गेली, जिल्हा व्हाच्या चार महिने आधी. तिनं वाशीम जिल्हा पाह्यलाच नाही. ब्रश घेऊन दोनदा उभा राह्यलो त्या पाटीपुढं, पन हात गेला नाही. आता रोज सकाळी दार उघडतो त आधी तेच वाचतो, सत्तावीस वर्ष झाले. कोनी एकदम पत्ता इचारला की तेच निंघते तोंडातून. माहा संसार अकोला जिल्ह्यात झाला, वाशीम जिल्ह्यात मी एकटाच राह्यतो.

हे अकरा वर्षाच्या लेकरापुढं कसं सांगावं? ती फोनवर म्हने, “आजोबा, तुम्हाला तर माहीत होतं ना?” म्या म्हटलं, जीभ घसरली. ती म्हने, “चालतं हो.” रडली असती, चिडली असती तं बरं झालं असतं. चालतं हो म्हने. दुसऱ्या दिवशी सात वाजले, मी फोन बरनीले टेकवून बसलो. साडेसात झाले, आठ झाले. आता अभ्यास कायचा अन् फोन कायचा? महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीचा फोटो आला काल. उत्कर्ष म्हने, “बाबा, पुढच्या वर्षी पाहू.” मी खाली माईती टाकली, महाबळेश्वरची उंची. दोन निळ्या टिका.

इचारा ना, तुमी बी काही इचारा, अजून... हे पाहा, लागली तुमची रिसोड. उठा उठा, पिशवी राह्यली मावशी तुमची, खिडकीतून रुमाल टाका आधी. मी? नाही जी, मले कुठंच जायचं नाही. मी दुपारचा इथं येऊनच बसतो रोज. इथं कसं आहे, गाडी लागेपर्यंत मानसाले उठून जाता येत नाही.