मे महिन्यातला हीटर

भर मे महिन्यात गाडीत हीटर लावून बसलाय का कधी? मी बसलोय.

माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारमधून मी आणि अप्पा माझ्यासाठी मुलगी बघायला कलघटगी गावाला निघालो होतो. वाटेत रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला आणि इंजिन तापायला लागलं. त्यातली उष्णता बाहेर काढायला मी हीटर लावला.

अप्पा ओरडले, "अरे, एसी लाव की!"

"एसी लावला तर इंजिन जाईल, अप्पा."

"आणि हीटर लावला तर मी जाईन!"

कसेबसे पोचलो. घामानं भिजलेला माझा शर्ट बघून मुलीचे वडील म्हणाले, "एवढं घाबरू नका हो." मुलीनं त्याच दिवशी होकार कळवला.

लग्नानंतर रेडिएटरचे प्लास्टिकचे सगळे भाग काढून अ‍ॅल्युमिनियमचे बसवले, तेव्हा बायकोला त्या दिवशीच्या घामाचं खरं कारण सांगितलं.

तिचा चेहराच पडला. "म्हणजे तुम्ही मला घाबरला नव्हता? अहो, त्याच्यावरच तर मी हो म्हटलं होतं!"