शेजाऱ्याच्या दारचा बर्फ

अमेरिकेतल्या हॅनकॉक गावी दुरुस्तीच्या दुकानात बाबांचं बर्फ उडवायचं मशीन घेऊन मी रांगेत होते. पुढे एक म्हातारं जोडपं तसंच बिघडलेलं मशीन घेऊन उभं होतं.

"पिन सारखी-सारखी तुटायची, म्हणून तिच्या जागी जाड बोल्ट ठोकला," म्हातारा म्हणाला.

"अहो, पिन तुटते म्हणून तर गिअर वाचतात. आता गिअरच गेले," त्याची बायको म्हणाली.

"आज बर्फ पडणार, लेम्पी. सकाळी शेजारचा ऑस्मो माझ्याआधी उठून आपलंही अंगण साफ करेल."

"करू दे की."

"आजवर मीच त्याचं करत आलोय. हिवाळाभर चिडवेल मला."

"चिडवू दे. त्याची बायको हेल्मी गेल्यापासून त्यानं कुणाला चिडवलेलं नाही."

"...मग वेलचीचा पाव भाज. हरणारच आहे, तर गरम गरम नेऊन देतो."

"आणि दारात ठेवून पळायचं नाही. बसून यायचं."