थर्मासात बर्फ

...बर्फ! अहो, बर्फ घातला त्या मेल्याने! तुम्हाला सांगते, माझी नात समीक्षा इथे रत्नागिरीत प्रयोगशाळेत डुकरिणीच्या बीजांडांवर काम करते, महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर पोरीची चार वर्षं पाण्यात, आणि माझा पुतण्या दीपक, मासळीचा टेम्पोवाला, त्याला तिने दहादा बजावलं, "काका, चिपळूणकडच्या फार्मवरून अंडाशयं आणाल ती कोमट मिठाच्या पाण्यात, ऊब जाता कामा नये!" आणि हा? वाटेत झाकण उघडलं, वाफ आली, तर म्हणतो कसा, "काकी, मांस ना ते, नासलं असतं! सुरमईला घालतो तसा घातला दोन मुठी."

समीक्षाने थर्मास तसाच मोरीत ओतला हो... शिव्या तरी घालायच्या! मी म्हटलं, "गो बाय, गारठ्याने एवढं काय होतं?" तर म्हणे, "आजी, बीजाभोवती पेशी असतात, त्यांच्यातली वाढीची जनुकं जागी झाली की त्या फुलतात, मग आतलं बीज पिकतं. ती जागी कशी होतात हेच तर मला बघायचंय! बीजच मेलं तर बघू काय?" म्हणजे आंब्याची आढीच की! आढीत कुणी बर्फ घालतं?

मग दुसरी खेप. थर्मास कुणाच्या मांडीवर? माझ्या! गोधडीत गुंडाळून, पोटाशी धरून. हातखंब्याला डंपर आडवा, गाड्या ठप्प, आणि थर्मासावरचा तापमानाचा काटा अडतीस... सदतीस... छत्तीस! दीपक घामाघूम, "काकी, हॉर्न मारू?" "हॉर्नने पाणी तापतं का रे? पळ त्या टपरीवर, उकळतं पाणी आण बाटलीत, ऊब जाता कामा नये!" बाटली घट्ट बंद करून थर्मासात सोडली, वरून माझा पदर... काटा हलेना, हलेना... आणि चढला हो!

पुढे दोन दिवस बीजं प्रयोगशाळेतल्या गरम कपाटात. पोरगी जेवेना, मी विचारेना. तिसऱ्या दिवशी फोन, "आजी, पेशी फुलल्या गो! जनुकं जागी झाली!" मी म्हटलं, सुटले! तर मागून तिचे सर, "छान! आता हेच आणखी दोनदा येऊ दे, तर खरं."

आणखी दोनदा! बसते बापडी टेम्पोत, करते काय? पण तुम्हीच सांगा, माझी चार बाळंतपणं झाली, एकदा तरी कुणी म्हणालं का, छान झालं, आता खात्रीसाठी पुन्हा करून दाखव?