हमीदार बसथांब्यावर बसलाय

(डोंगरातली वाडी. गेम्पाची आजोबांच्या ओसरीपुढे प्राणी-निवाऱ्याची गाडी उभी आहे; ती घेऊन निवाऱ्यातली चिनात्सू आली आहे. मागच्या पिंजऱ्यात एक तरणा कुत्रा सारखा उड्या मारतोय.)

चिनात्सू : …आणि मी त्यांना दोनदा वाकून नमस्कार केला, आजोबा! दोनदा! "माफ करा, गेम्पाचींचं घर कुठलं?" म्हणून विचारलं.

गेम्पाची : मग? काय म्हणाला?

चिनात्सू : काय म्हणणार? डोक्यात पेंढा भरलाय त्याच्या!

गेम्पाची : हळू बोल गं. ऐकेल तो.

चिनात्सू : अर्जात तुम्ही काय लिहिलंय बघा. 'हमीदार : योशिओ, वय पस्तीस, राहणार बसथांबा.' मला वाटलं, थांब्याजवळ घर असेल. तर हे बुजगावणं!

गेम्पाची : दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, जागा सोडून हलत नाही. याहून चांगला हमीदार आणून दाखव.

चिनात्सू : एकट्या माणसाला कुत्रा द्यायचा तर हमीदार लागतोच. उद्या तुम्हाला काही झालं तर त्याला सांभाळणारा. जिवंत हवा. साठीच्या आतला.

गेम्पाची : जिवंत आणि वर साठीच्या आतला! पोरी, आमच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. माणसं आम्ही नऊ, बुजगावणी साठ. जो गेला त्याचं एक करतो मी. मागे शिरगणतीवाला आला, त्यानं बांधावरूनच एकोणसत्तर मोजले आणि "वाडी वाढतेय हं" म्हणून अभिनंदन करून गेला.

चिनात्सू : आणि हे तुमचं वय? पंचावन्न?

गेम्पाची : आमच्या पंचांगातल्या डुकराच्या वर्षी जन्मलो. अगदी शपथेवर.

चिनात्सू : डुकराचं वर्ष दर बारा वर्षांनी येतं.

गेम्पाची : तेच तर. मधले दोन फेरे मोजायचे राहिले.

चिनात्सू : म्हणजे एकोणऐंशी.

गेम्पाची : चहा घे. रताळं भाजलंय. त्यालाही दे गाडीत. साल काढू नकोस, त्याला सालच आवडते.

चिनात्सू : अजून आठवतंय तुम्हाला?

गेम्पाची : तीन दिवस होता माझ्याकडे. रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात पाय. शिकारीचा हंगाम संपला की शिकारी असली कोवळी कुत्री सोडून जातात, पिशवी टाकावी तशी. मीच तार कापली. हायाते नाव मीच ठेवलं, म्हणजे वावटळ. पाय शिवायला तुमच्याकडे दिला, तो काय कायमचा दिला?

चिनात्सू : माहितीय हो. गाडी या वळणावर आली तसा भुंकायला लागला. त्याला पत्ता विचारायला हवा होता मी.

गेम्पाची : मग सोड की त्याला.

चिनात्सू : आधी ते मनगट दाखवा. बाहीत लपवू नका. काय झालंय?

गेम्पाची : हे? अस्वल आलं होतं. रीतसर हात मिळवला. जरा जोरात.

चिनात्सू : आजोबा.

गेम्पाची : सभ्य होतं बिचारं. जाताना दार लावून गेलं.

चिनात्सू : आजोबा, खरा योशिओ कुठे असतो?

गेम्पाची : नागोयाला. माझा मुलगा. पस्तीस वर्षांचा असताना शेवटचा आला होता. थंडीचा कोट विसरून गेला, तो बुजगावण्याला घातला. आता पन्नाशीला आला असेल. फोन उचलत नाही. हा निदान वाटेकडे तोंड करून बसतो.

चिनात्सू : बसची वाट बघत?

गेम्पाची : बस बंद होऊन चार वर्षं झाली. त्याला सांगितलं नाही मी.

चिनात्सू : … हमीदार म्हणून मी सही केली असती. खरंच. पण खाली किनाऱ्यावर त्याला मागणारं एक जोडपं आहे. दोघंही रोज पहाटे दहा किलोमीटर धावतात.

गेम्पाची : का? कुणी मागे लागतं?

चिनात्सू : हायातेला तेच हवंय. निवाऱ्यात दोन दोरखंड तोडले त्यानं. तुमचं ते मनगट… त्यानंच ना?

गेम्पाची : … दुसऱ्या दिवशी फिरायला नेला. सशाचा वास लागला त्याला, त्या लंगड्या पायानंही ओढलं. बांधावरून खाली गेलो. दुपार कलेपर्यंत पडून होतो.

चिनात्सू : आणि तो?

गेम्पाची : बाजूला बसून राहिला. एवढा वेळ तो गप्प बसलेला त्या एकदाच पाहिला. दोर हातातून सुटला होता, ससा समोरून गेला, तरी हलला नाही.

चिनात्सू : तुम्ही उठलाच नसता तर?

गेम्पाची : तोही उठला नसता. दोन दिवसांनी कुणी आलं असतं. टपालवाला. थांब्यावर योशिओ आणि बांधाखाली हायाते, दोन वाट बघत बसलेले बघितले असते त्यानं.

चिनात्सू : असं नका बोलू.

गेम्पाची : त्या जोडप्याकडे अंगण आहे का?

चिनात्सू : मोठं. समुद्रापर्यंत.

गेम्पाची : रताळ्याचं सांग त्यांना. सालीसकट.

चिनात्सू : सांगते. आणि… अर्जाचं काय करू?

गेम्पाची : फाड. नको, योशिओचं नाव आहे त्यावर. राहू दे इथेच. आणि ऐक, निघण्याआधी त्याला जरा खाली उतरव. माप घ्यायचंय मला.

चिनात्सू : माप? कशाला?

गेम्पाची : पेंढा उरलाय थोडा.

चिनात्सू : तो क्षणभर उभा राहणार नाही, आजोबा.

गेम्पाची : मग धावतानाच करीन.