शेअर म्हणजे गुंठा नव्हे

शेअर स्वस्त की महाग, हे कशावरून ठरवावे? हा प्रश्न आधी वर लिहा आणि त्याखाली रेघ मारा, कारण आमच्या मावळात हल्ली हा प्रश्न कोणी विचारीत नाही, सगळे थेट उत्तरच सांगत सुटतात.

माझा जन्म कुरवंड्याचा. शाळेत आम्हाला एक गुरुजी होते, ते व्याख्या तोंडपाठ झाल्याशिवाय गणिताला हात लावू देत नसत, आणि चुकली की उभे करीत, आणि मी बराच उभा राहिलो, म्हणून ती खोड लागली. पुढे मोजणी खात्यात भूकरमापक झालो, म्हणजे जमीन मोजणारा, आणि निवृत्त होईपर्यंत ह्याच तालुक्यातले बांध मोजले. काय सांगू तुम्हाला, माणसाची अक्कल बघायची तर ती बांधावर बघावी. ज्याला स्वतःची सही धड जमत नाही, तो आपला पोटहिस्सा आण्या-पैपर्यंत सांगतो. वीतभर सरकलेल्या दगडासाठी सख्खे भाऊ माझ्यासमोर एकमेकांच्या अंगावर गेले आहेत.

आणि हीच माणसे, हीच बरे का, जमीन बंगलेवाल्यांना विकून पैसा हाती आला की नाक्यावर बसून शेअरबाजार शिकवू लागतात. टार्गेट काय, ब्रेकआउट काय, मल्टिबॅगर काय. एकाला मी विचारले, मल्टिबॅगर म्हणजे काय रे बाबा? तर म्हणे आबा, ते तुमाला न्हाई कळायचं. मला नाही कळायचे हे मान्य, पण तुला कळले आहे का? तर त्याने चहा मागवला. त्याचा अर्थ, ज्याचा भाव कित्येक पट होतो तो शेअर, एवढाच आहे. आणि तो झाल्यावर कळतो, होण्याआधी नाही. पण एवढे बोलायला चार वाक्ये लागतात, चहा मागवायला एक पुरते.

माझी धाकटी बहीण पारू लोहगडवाडीला दिलेली. नवरा गेला, मूलबाळ नाही, गडाच्या पायथ्याला तिची टपरी आहे, पिठले-भाकरी आणि ताक देते ट्रेकिंगवाल्यांना. पाण्याचे हंडे वाहून गुडघे गेले. सासरचे रस्त्याकडेचे शेत विकले तेव्हा तिच्या हिश्श्याची रक्कम तिने बँकेत ठेवली होती. खाली मळवलीला दोन खोल्या घ्यायच्या आणि टपरी बंद करायची, एवढाच तिचा विचार होता, आणि तो शहाणपणाचा होता. मग तिचा दीर बबन तिला सांगू लागला, वहिनी, बँकेत पैका कुजतोय, हितं अडीच रुपयाला शेअर मिळतोय, लय स्वस्त हाय. मोठ्या कंपन्यांचा तीन-तीन हजाराला हाय, तो आपल्याला परवडतोय व्हय? आन् आपला गुंठा बी आदी असाच मातीमोल व्हता, इसरलात काय?

तिने मला बोलावले. मी गेलो, ऐकले, हसलो, म्हणालो तुमच्या घराण्यात डोके फक्त टोपी ठेवायला दिले आहे, आणि आलो परत.

आता चूक कुठे आहे ते नीट ऐका. गुंठा हे माप आहे. कुरवंड्यात तेहतीस फूट गुणिले तेहतीस, आणि लोहगडवाडीतही तेवढाच. म्हणून गुंठ्याचे दर शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. शेअर हे माप नव्हे, तो हिस्सा आहे. दहा एकरांतले दोन आणे म्हणजे पन्नास गुंठे, आणि दहा गुंठ्यांतले आठ आणे म्हणजे पाचच गुंठे. म्हणजे हिस्सा कशातला आणि कितवा, हे ठाऊक नसताना किमतीला काही अर्थ नाही. एका शेअरची किंमत गुणिले कंपनीचे एकूण शेअर, हे झाले बाजारमूल्य, ज्याला ही मंडळी तोंड भरून मार्केट कॅप म्हणतात. ती सगळ्या शेताची किंमत. मग पीक विचारायचे. एका शेअरमागे वर्षाला नफा किती, आणि किंमत त्याच्या कितीपट, ह्याला पी-ई म्हणतात. नफाच नसेल तर ते गुणोत्तर मांडताही येत नाही, आणि त्या अडीच रुपयेवाल्या कंपनीला नफा नव्हता. खडकाळ माळ तो खडकाळ माळच.

दोन महिन्यांनी बबनने मला लोणावळ्याच्या एका हॉटेलात नेले, तिथे रविवारी शेअरबाजाराचा क्लास भरे. टाय लावलेले एक सर होते आणि वडे फुकट होते. सर म्हणाले, आपली कंपनी, म्हणजे तीच अडीच रुपयेवाली, स्प्लिट करणार आहे, एकाचे दहा शेअर! टाळ्या पडल्या, बबनने शिट्टी मारली. मी उभा राहून विचारले, दहा झाल्यावर एकाची किंमत किती राहील? सर म्हणाले, काका, निगेटिव्ह विचारांना इथे जागा नाही. सगळे हसले. बबन म्हणाला, बसा की आबा, वडा गार व्हतोय. मी बसलो. बुडा म्हटले मनात, तुमची तीच लायकी आहे.

तिथून थेट पारूकडे गेलो. ती चुलीपाशी होती. म्हणाली, दादा, एकाचे धा म्हंजी काय रं? मी म्हटले, पोटहिश्शाची फाळणी आठव. एका शेताचे दहा तुकडे. ती लगेच म्हणाली, मंग शेत कुटं वाढलं? बांध तेवढं वाढलं. अहो, सगळ्या हॉलमध्ये जे एकालाही सुचले नाही ते तिसरीत शाळा सोडलेल्या बाईला तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत सुचले. दर्शनी किंमत, म्हणजे कागदावर नोंदलेली, दहाची एक होते, भावही तितकाच उतरतो, आणि तुमची मालकी होती तेवढीच राहते. मी तिची पाठ थोपटणार, एवढ्यात ती म्हणाली, मंग ह्ये तवाच का न्हाई सांगितलंस? आर्धं पैकं तवाच घातलं म्या. तू आलतास, हसलास, आमाला येडं ठरवलंस आन् गेलास.

थोपटायला उचललेला हात मी मागे घेतला.

दुसऱ्याच दिवशी विकायला लावले. पण भाव कोसळायला लागला होता आणि रोज लोअर सर्किट. म्हणजे एका दिवसात भाव जिथवर उतरू शकतो ती ठरलेली हद्द. भाव तिथे टेकला की विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा फिरकत नाही. आजही ते शेअर तिच्या डीमॅट खात्यात, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात, पडून आहेत. भाव दिसतो, गिऱ्हाईक दिसत नाही. सरांचा फोन लागत नाही. बबन म्हणतो, थांबा, वर येतंय. त्याच्याविषयी मला बोलायचे नाही.

उरलेल्या पैशांत मळवलीला एकही खोली बसत नाही. पारू टपरी चालवते, मी रविवारी हंडे भरून देतो, आणि ती मला एकेक शब्द विचारते. मी सांगितलेली व्याख्या ती आल्यागेल्या ट्रेकिंगवाल्यांकडून पुन्हा तपासून घेते, माझ्यादेखत. तो तिचा हक्क आहे.

तुम्हीही तेच करा. मी सांगितले म्हणून ह्यातले काही खरे धरू नका. कंपनीचे एकूण शेअर किती आणि नफा किती, हे तिच्या वार्षिक अहवालात असते. सल्ला देणारा नोंदणीकृत आहे की नाही, ते शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेच्या यादीत असते. दोन्ही उघडा, आकडे स्वतः मांडा, आणि माझे चुकले असेल तर मला येऊन सांगा.